गवळीवाडा, सिद्दी वस्ती आणि ग्रामसभेतली जागा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडून, जांबोटी, कणकुंबी, नागरगाळी, लोंढा या पट्ट्यातून या वेळी बरीच पत्रे आली. लिहिणाऱ्यांत पंचायत सदस्य आहेत, शिक्षक आहेत, वाड्यावरची शिकलेली मुलेमुली आहेत. प्रश्न वेगवेगळे, पण दुखणे एकच: रानाकडेच्या गवळी (म्हशी पाळणारे) आणि सिद्दी (आफ्रिकी वंशाचे, रानात राहणारे) वस्त्यांबद्दल गावात निर्णय होतात आणि त्या वस्त्यांनाच ते शेवटी कळतात. उत्तरे २००६ चा वनहक्क कायदा (रानात राहणाऱ्यांचे जमीन, चराई यांवरचे हक्क मान्य करणारा), त्याचे २००८ चे नियम व त्यांतली २०१२ ची दुरुस्ती, आणि कर्नाटकचा पंचायत कायदा यांच्या आधाराने दिली आहेत.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. मुख्य गावापासून सहा किलोमीटरवर आमचा गवळीवाडा आहे, चाळीसेक घरे. ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लावतो, तरी तिकडचे कोणी येत नाही. मागून मात्र "आम्हाला विचारलं नाही" म्हणतात. आम्ही आणखी काय करायचे?

फळ्यावरची नोटीस गावाला मिळते, वाड्याला नाही. वाड्यावरचा माणूस पंचायतीच्या दारात रोज येत नाही. आला तरी त्याला कानडी वाचता येतेच असे नाही. आणि नोटिशीवर "वनहक्क" न लिहिता "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय" असे लिहिले असेल, तर ज्याला वाचता येते त्यालाही यावेसे का वाटावे?

आधी वेळ बघा. गवळ्याचा दिवस पहाटेच्या धारेने सुरू होतो. दूध पोचवून माणूस परतेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, मग म्हशी रानात, दिवस कलला की पुन्हा धारा. तुमची सभा अकराला ठरलेली, प्रत्यक्षात साडेबाराला सुरू होणारी. तिला यायचे तर त्या घराने म्हशी कोणाच्या भरवशावर सोडायच्या? मग वाड्यातून एक म्हातारबा येतात, मागच्या रांगेत बसतात, अंगठा देतात. कागदावर तो सगळ्या वाड्याचा होकार होऊन बसतो. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ त्या एका अंगठ्यात असते.

असे करून पाहा. किमान दहा दिवस आधी माणूस वाड्यावर पाठवून नोटीस मराठीत मोठ्याने वाचून दाखवा, आणि कोणत्या घरांसमोर, कोणत्या तारखेला वाचली ते पाठीमागे लिहून दोघांच्या सह्या घ्या. डेअरीत, रेशन दुकानात आणि अंगणवाडीत तिची प्रत लावा. वाड्याची माणसे तिथे जातातच. सभेच्या तीन-चार दिवस आधी वाड्यावरच छोटी बैठक घ्या. कर्नाटकच्या कायद्यात ग्रामसभेखाली वॉर्डसभा आणि तिच्याखाली वस्तीपातळीची जनवसती सभा अशी रचना आहे, तिचा हाच उपयोग. त्या बैठकीत ठरलेल्या मागण्या एका कागदावर उतरवा आणि तो कागद मांडायला दोन पुरुष व दोन बाया निवडा. एकटा माणूस भरल्या सभेत दबतो. चौघे असले की एकजण अडखळला तरी दुसरा बोलतो.

सभेच्या दिवशी वाड्याचे विषय सुरुवातीला घ्या. हे फार साधे आहे आणि हेच बहुतेक ठिकाणी चुकते. रस्ते, गटारे, घरकुलांची यादी यांत दोन तास गेले की धारेची वेळ होते, वाड्याची माणसे उठतात, आणि त्यांचा विषय त्यांच्याशिवाय मंजूर होतो.

जागाही बदलती ठेवा. सहा महिन्यांतून किमान एकदा सभा घ्यायचीच असते. त्यातली एक वाड्यावर घ्या, दुपारी साडेअकरा ते अडीच. ती हिवाळ्यात ठेवा, कारण जून ते सप्टेंबर ओढे भरले की आपल्या भागात वाट उरत नाही. रात्रीची सभा सोयीची वाटते, पण परतीची वाट अस्वलांच्या रानातली असते आणि बायका त्या वेळी येत नाहीत. दसऱ्याच्या शिलंगणाचे दिवसही सोडा. वाडा तेव्हा एकत्र असतो, पण त्याच्या देवाच्या कामात असतो.

बायकांबद्दल थोडे अधिक. राज्याच्या कायद्यात सभेला हजर असणाऱ्यांत ३० टक्के स्त्रिया अपेक्षित आहेत. हा आकडा सह्यांनी भरता येतो, बोलण्याने भरायचा तर कष्ट पडतात. पाणी कुठून आणता, सरपण किती लांब, बाळंतिणीला खाली कसे नेता, हे प्रश्न बाईला नावाने हाक मारून विचारले तरच उत्तर येते. "कोणाला काही बोलायचे आहे का?" असे विचारले तर येत नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात पेसा कायद्याने आदिवासी गावांना मोठे अधिकार आहेत असे वाचतो. तो कायदा आम्हाला लागू आहे का?

नाही. १९९६ चा पेसा कायदा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना लागू होतो आणि कर्नाटकात असे क्षेत्र एकही नाही. सीमेपलीकडचे चंदगडही त्यात येत नाही. त्यामुळे "पेसाप्रमाणे ठराव" असे शीर्षक घातलेला अर्ज बेळगावात पहिल्याच टेबलावर परत येतो. आपल्याकडे चालणारा कायदा वनहक्काचा. तो देशभरच्या वनजमिनीला लागू आहे, अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने त्यात आली. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्याच राज्यात बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगांना २०११ मध्ये मिळाला, तो याच कायद्याने.

प्रश्न : आमच्या वाड्याची नोंद महसूल दप्तरी नाही. मुख्य गावची ग्रामसभा आमचे दावे पुढे पाठवत नाही. वाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते का?

वनहक्काच्या कामापुरती होऊ शकते, आणि आमच्या मते बहुतेक वाड्यांनी तीच मागावी. कायद्यातल्या "गाव" या शब्दाच्या व्याख्येत वनग्रामे, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावे येतात, त्यांची अधिसूचना निघालेली असो वा नसो. केंद्राच्या आदिवासी विकास मंत्रालयाने १२ जुलै २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले: पंचायतीची ग्रामसभा या कामाला फार मोठी पडते, सभा वाडी-वस्तीच्या किंवा महसूल गावाच्या पातळीवर घ्यावी.

यात गणिताचा मोठा भाग आहे. पंचायत कायद्याने ग्रामसभेची गणपूर्ती एक दशांश किंवा शंभर माणसे, यातली कमी संख्या. वनहक्काच्या सभेला मात्र सर्व प्रौढांपैकी निम्मे लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात, आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे हजर लागतात. मुख्य गावासह १२०० प्रौढ असतील तर ६०० जमवावे लागतील. ज्यांचा रानाशी संबंध नाही असे ६०० लोक तुमच्या दाव्यासाठी दिवस मोडणार नाहीत. सभा तहकूब होईल, पुन्हा तहकूब होईल, आणि तिसऱ्यांदा कोणी तरी खोट्या सह्या भरेल. वाड्याच्या सभेत ११० प्रौढ असतील तर ५५ लागतात, त्यांत १९ स्त्रिया. हे एका दुपारी जमते.

रीत अशी. पंचायतीने आपल्या हद्दीतल्या नोंद नसलेल्या वस्त्यांची यादी करायची, ती त्या त्या वस्तीच्या सभेत मंजूर करून घ्यायची आणि प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे पाठवायची. पंचायत हलत नसेल तर तुम्ही स्वतः घरांची यादी, कुटुंबप्रमुखांची नावे, हाताने काढलेला नकाशा (ओढा, देवस्थान, विहीर, गुरांची वाट दाखवणारा) आणि वाड्याचा ठराव जोडून पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज द्या, एक प्रत प्रांत कार्यालयात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. नकाशात चतुःसीमा लिहायला विसरू नका. शेजारच्या गावाच्या सामाईक चराईवर दोन्ही सभांनी हक्क सांगितला की दावा तिथेच अडकतो. आधी दोन्ही गावच्या वनहक्क समित्यांनी (ग्रामसभेने दावे तपासायला निवडलेल्या) एकत्र बसून वाट काढायची असते. नाही जमले तरच उपविभागीय समितीकडे जायचे.

एवढी छोटी सभा कोण मोजतो, अशी शंका पत्रात आहे. ओडिशात नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये डोंगरावरच्या सभांकडेच सोपवला. १२ वस्त्यांनी नकार दिला आणि ती खाण झाली नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या वनहक्क समितीत दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आहेत, म्हणजे नियम पाळला आहे. तरी सिद्दी कुटुंबे म्हणतात आमचे कोणी नाही. नियम पाळूनही अन्याय होतो का?

होतो, आणि आपल्या जिल्ह्यात तो असाच होतो. समिती १० ते १५ जणांची असते, दोन तृतीयांश जमातीचे, एक तृतीयांश स्त्रिया. पंधरांच्या समितीत जमातीचे १० आणि एकूण स्त्रिया ५. पण बेळगाव जिल्ह्यात अनुसूचित जमात म्हटले की संख्येने मोठा नायक (वाल्मीकी) समाज समोर येतो. दहाही जागा त्या समाजातून भरल्या तर नियम तंतोतंत पाळला जातो आणि रानात राहणारी आठ सिद्दी घरे बाहेर राहतात. पंचायतीच्या राखीव जागेचेही तेच. नायक समाजाच्या हक्काविषयी आमची काही तक्रार नाही. पण "जमातीचा सदस्य आहे" या वाक्यात सिद्दींचे म्हणणे आपोआप येत नाही, एवढे गावाने मान्य केले पाहिजे.

उपाय ग्रामसभेच्या हातात आहे, कारण समिती सभाच निवडते. निवडीआधी ठराव करा की ज्या ज्या समाजाचे दावे आहेत त्या प्रत्येकाची किमान दोन माणसे, त्यांत एक स्त्री, समितीत असतील. एकच माणूस घेतला आणि तो मजुरीला गोव्याला गेला की जागा रिकामी. अध्यक्ष एका वस्तीचा असेल तर सचिव दुसऱ्या वस्तीचा करा. दप्तर कोणाच्या घरी राहते यावर बरेच काही ठरते. समितीतल्या सदस्याचा स्वतःचा दावा पडताळणीला आला की त्याने तसे सांगून बाजूला व्हायचे असते, हेही इतिवृत्तात लिहा.

गावात अनुसूचित जमातीचे कोणीच नसेल, नुसते गवळी किंवा कुणबी असतील, तर दोन तृतीयांशाची अट लागत नाही. स्त्रियांची एक तृतीयांश राहते. "तुमच्यात एसटी नाही म्हणून समितीच होत नाही" असे कोणी सांगितले तर ते चूक आहे.

प्रश्न : मी सिद्दी आहे, आमचे कुटुंब ख्रिस्ती आहे. जातीचा दाखला मागायला गेलो तर धर्म विचारतात. आमचा वनदावा पूर्वी "७५ वर्षांचा पुरावा नाही" म्हणून फेटाळला आहे.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींसाठी आहे, आणि टेबलावर या दोन गोष्टींची गल्लत होते. सिद्दींत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना २०२० मध्ये. त्यामुळे हल्याळच्या नातेवाइकाचा दाखला जुना आणि तुमचा नवा असणार. त्यावरून कोणी शंका घेऊ नये.

२०२० पूर्वी तुमचा दावा "इतर पारंपरिक वननिवासी", म्हणजे अनुसूचित जमातीबाहेरचे वननिवासी, म्हणून तपासला गेला असणार, म्हणून ७५ वर्षांची अट लागली. अनुसूचित जमातीला ती अट नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कब्जात असणे पुरते. नवा दाखला काढा, फेरतपासणीची मागणी करणारा ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि दोन्ही जोडून उपविभागीय समितीकडे अर्ज करा. फेटाळल्याचे कारण लेखी आणि प्रत्यक्ष तुमच्या हाती मिळाले होते का, तेही त्यात लिहा. मिळाले नसेल तर अपिलाची संधीच तुम्हाला दिली गेली नाही, हा तुमचा भक्कम मुद्दा आहे.

प्रश्न : आम्ही धनगर गवळी. एसटीत नाही. १९३० सालचा कागद कुठून आणायचा?

आधी अट नीट समजून घ्या. तीन पिढ्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधी ७५ वर्षे, तुमचे लोक वनावर अवलंबून राहात होते हे दाखवायचे आहे. आज ज्या तुकड्यावर दावा आहे तोच तुकडा १९३० पासून कसत होतो, असे दाखवायचे नाही. त्या तुकड्याचा कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की झाले. या दोन अटी एकत्र करून आजवर कितीतरी दावे फेटाळले गेले. वाडा हलला असेल, एका पठारावरून दुसऱ्यावर आला असेल, तरी या रानावरचा तुमचा आधार तुटत नाही.

वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये पुराव्यांचे अनेक प्रकार दिले आहेत आणि एकापेक्षा अधिक प्रकार जोडायचे आहेत. अमुकच कागद हवा असा हट्ट कोणी धरू शकत नाही. उपग्रहाचा फोटो पूरक म्हणून चालतो. इतर पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. जुन्या विहिरी, पाणवठे, समाध्या, देवाचे दगड, देवराई, लावलेले आंबे-फणस, घराचा जुना चौथरा, बांध हे सगळे पुरावे आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे लेखी निवेदन चालते, वंशावळ चालते.

वडीलधाऱ्यांच्या निवेदनात एक चूक नेहमी होते. आज ऐंशी वर्षांचे आजोबा "मी १९३० पासून पाहतो" असे लिहून देतात आणि निवेदन तिथेच कोसळते. त्यांनी जे पाहिले तेच लिहावे: माझे आजे इथे राहात होते, त्यांची समाधी अमुक झाडाखाली, पावसाळ्यात म्हशी अमुक पठारावर जात. शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचे निवेदन त्याला जोडा; ज्याच्या वावरात पिढ्यान्‌पिढ्या तुमची गुरे खतासाठी बसली, त्याची साक्ष वजनदार असते.

कागद शोधायचेच असतील तर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई इलाख्यात, नंतर मुंबई राज्यात होता, हे लक्षात ठेवा. त्यामुळे जुनी महसुली व वनखात्याची कागदपत्रे कधी मोडीत, कधी कानडीत, कधी इंग्रजीत मिळतात. मोडीतला कागद सापडला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून त्याची सही घ्या आणि मूळ प्रतीसोबत जोडा. बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली निघाले आहे. गॅझेटियर हा नियमात नाव घेऊन मान्य केलेला पुरावा आहे. घरात चराईच्या जुन्या पावत्या असतील तर त्या पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढा आणि आधी फोटो काढून ठेवा. पावसाळ्याच्या दमटपणात त्या टिकत नाहीत.

नावाचा घोळ टाळा. मराठी शाळेच्या दाखल्यात "गवळी", कानडी उताऱ्यात "गौळी", मतदार यादीत "धनगर". माणूस एक, कागदावर तिघे. सुरुवातीलाच एकाच व्यक्तीची ही नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र करून टाका. अर्जात "अतिक्रमण" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. विवाहित असाल तर नवराबायको दोघांची नावे घाला. पट्टा दोघांच्या नावेच निघतो. तो वारसाला जातो, विकता येत नाही. वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर, पण प्रत्यक्ष कब्जात असेल तेवढेच मिळते.

आणि फक्त नमुना अ, म्हणजे वैयक्तिक दाव्याचा अर्ज, भरून थांबू नका. म्हशी पाळणाऱ्याला दोन एकरांपेक्षा चराई आणि पाणवठा मोलाचा. चराईसारख्या सामूहिक हक्कांसाठी नमुना ब, आणि रान राखण्या-जोपासण्याच्या हक्कासाठी नमुना क. वैयक्तिक पट्टा मिळाला आणि चराई बंद झाली तर म्हशी विकाव्या लागतील. नियमात एक तरतूद खास तुमच्यासाठी आहे: पशुपालक व भटक्या समाजांच्या दाव्यांची पडताळणी ते जागेवर असतील तेव्हाच करायची. सगळा वाडा चराईला लांब गेला असताना कोणी पाहणी उरकली तर ती मान्य नाही असे लेखी कळवा.

प्रश्न : वाड्याला रस्ता नाही, वीज नाही. वनखाते अडवते असे पंचायत सांगते.

वनहक्क कायद्याचे कलम ३(२) वाचायला सांगा. शाळा, अंगणवाडी, पाण्याची नळवाहिनी, वीजवाहिनी, रस्ता, रेशन दुकान अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते; हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. अडते ते बहुधा या शिफारशीपाशी, कारण ठरावात जागेचा नकाशा आणि झाडांची मोजणी नसते.

प्रश्न : सभेत मराठीत बोलतो, ठराव कानडीत लिहिला जातो, वाचून न दाखवता सह्या घेतात. काय करावे?

संविधानाचे कलम ३५० सांगते की संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तुम्ही कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडू शकता. म्हणजे मराठीत अर्ज देता येतो आणि तो भाषेसाठी नाकारता येत नाही. ज्या भागात अल्पसंख्य भाषिक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले संरक्षण आहे. कार्यालयीन दप्तर कानडीत राहणार. त्याच्याशी भांडत बसून वाड्याचे काम थांबवू नका. सभेत एवढाच आग्रह धरा: सह्या होण्याआधी ठराव मराठीत वाचला जाईल, आणि "ठराव मराठीत वाचून दाखवला, उपस्थितांना समजला" हे वाक्य नडवळीत, म्हणजे इतिवृत्तात, लिहिले जाईल. मराठी प्रत सोबत जोडा. "ठराव" आणि "सही" हे शब्द दोन्ही भाषांत चालतात. त्यांच्या मधला मजकूर समजून घेणे हा तुमचा हक्क आहे.

इथे आपल्याच लोकांना एक सांगायचे आहे. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. पण त्याच मराठी गावच्या ग्रामसभेत गवळ्याची बोली ऐकून हसतात, सिद्दी बाईचे कोकणी वळणाचे बोलणे अर्ध्यात तोडतात, आणि इतिवृत्तात तिच्या नावापुढे "चर्चेत भाग घेतला" एवढेच उरते. आपण वर मागतो ते खाली द्यायला हवे. बोलणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत एका ओळीत लिहा आणि त्याला वाचून दाखवा. याला दोन मिनिटे लागतात.

प्रश्न : भीमगड अभयारण्यातल्या आमच्या गावात स्थलांतराची चर्चा आहे. काही कुटुंबांनी होकार दिला, काहींनी नाही. ज्यांचा नकार आहे त्यांचे काय?

घरटी होकार आणि ग्रामसभेची संमती या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या कुटुंबाला स्वखुशीने पॅकेज घेऊन जायचे तर जाता येते. पावसाळ्यात चार महिने दवाखाना तुटलेल्या घराला तसे वाटले तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण त्याच्या सहीने शेजाऱ्याचा हक्क संपत नाही. दावे तपासून पूर्ण होईपर्यंत वननिवासीला हटवता येत नाही, हे वनहक्क कायद्याचे कलम ४(५).

संकटग्रस्त वन्यजीव अधिवास म्हणून क्षेत्र घोषित करून हक्क बदलायचे असतील तर कलम ४(२) च्या अटी सगळ्या पुऱ्या व्हाव्या लागतात: हक्कमान्यतेचे काम आधी संपलेले असणे, माणसांच्या राहण्याने वन्यजीवांची कधीही भरून न येणारी हानी होते हे दाखवणे, सहजीवनाचा पर्याय उरला नाही असा निष्कर्ष, उपजीविकेची हमी देणारे पॅकेज, ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण लेखी संमती, आणि नव्या जागी जमीन व सोयी आधी तयार. "आधी निघा, घरे नंतर" हे चालत नाही.

संमतीच्या सभेआधी गावाने चार गोष्टी लेखी मागाव्यात: नवी जागा नकाशावर कुठे, चराई किती आणि कोणाशी वाटून, पैसे किती हप्त्यांत व कोणत्या खात्यात, आणि लग्न झालेल्या मुलाचे व विधवेचे कुटुंब वेगळे धरणार का. शेवटचा मुद्दा यादी करताना सुटतो आणि घराघरांत भांडण लावतो. जागा पाहायला बायकांनाही न्या. माहिती देणे आणि सह्या घेणे एकाच दिवशी होऊ देऊ नका. मध्ये किमान पंधरा दिवस मागा आणि ते ठरावात लिहा.

प्रश्न : सभा झालीच नाही, पण वहीत आमच्या वाड्यातल्या ३० जणांच्या सह्या आहेत. त्यांत वारलेला एक माणूसही आहे. पुढे काय करायचे?

आधी प्रत मिळवा. त्या तारखेचे हजेरीपत्रक व इतिवृत्त यांची प्रमाणित प्रत पीडीओंकडे मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला हवे. ज्यांच्या खोट्या सह्या आहेत त्यांची वेगवेगळी निवेदने घ्या, प्रत्येकाची खरी सही शेजारी. वारलेल्या माणसाचा मृत्युदाखला जोडा; एवढा एक कागद बाकी एकोणतीस निवेदनांना बळ देतो. मग वाड्याची सभा घेऊन तो ठराव मान्य नसल्याचा ठराव करा आणि उपविभागीय समितीकडे अर्ज द्या.

मुदत सांभाळा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे प्रत्येकी ६० दिवस मिळतात. समितीला पटले तर आणखी ३०. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहात हे दिवस घालवू नका. अर्ज आधी द्या, प्रत नंतर जोडा. जिल्हा समितीचा निर्णय अंतिम असतो, त्यापुढे उच्च न्यायालय. या दोन्ही समित्यांत पंचायतीचे तीन निवडून आलेले सदस्य असायला हवेत, त्यांत दोन जमातीचे आणि किमान एक स्त्री. कर्नाटकात तालुका व जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका लांबत गेल्या. म्हणून तुमचा निकाल देणाऱ्या समितीत त्या दिवशी कोण कोण बसले होते, हेही त्याच अर्जात विचारा.